नाण्याला लागलेला बट्टा

गिरडच्या टेकडीवर बाबा फरीद यांच्या दर्ग्यास जो कोणी गेला असेल, त्याने तेथले गोलसर दगडगोटे पाहिले असतील. भूशास्त्राचा अभ्यासक त्यांना झिओलाइटचे गोळे म्हणतो. लोककथा निराळे सांगते. माल घेऊन हिंडणाऱ्या व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली, तेव्हा नारळासकट त्यांच्या सर्व जिनसांचे दगड झाले. व्यापारी शरण आले, तेव्हा बाबांनी वाळलेल्या पानांतून त्यांना नवा माल करून दिला. ही कथा ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावी. मला मात्र तिच्यात व्यवहाराची एक गोष्ट दिसते. त्या टेकडीवरचा एखादा गोटा कोणी घासून गुळगुळीत केला, तर तो नदीतल्या कोणत्याही गोट्यासारखा होईल. मग ती कथा त्याला चिकटून राहणार नाही, आणि भूशास्त्रज्ञालाही त्याच्यापासून फारसे काही कळणार नाही. आज जुन्या नाण्यांविषयी जे सांगावयाचे आहे, ते याच जातीचे आहे.

मी नाणेशास्त्राचा पंडित नव्हे. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण जिनिंगच्या फाटकासमोर, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि सार्वजनिक वाचनालयांच्या बाकांवर झाले. नाण्यांकडे वळलो तो हौसेने नव्हे. एका चुकीमुळे वळलो. ती चूक आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी जिनिंगमध्ये आयुष्य घालविलेल्या एका कामगाराची विधवा आमच्या कचेरीत आली. नातीला नर्सिंगच्या शिक्षणास पाठवायचे होते आणि फीचे पैसे कमी पडत होते. तिने कनवटीचा बटवा सोडून टेबलावर उलटा केला. सासूकडून आलेले चांदीचे रुपये होते, काळेकुट्ट, मोजून वीस. "भाऊ, याचे किती येतील जी?" तिने विचारले. मी मोठ्या अधिकाराने सांगितले, "मावशी, आधी घासून लख्ख करा. काळी वस्तू पाहिली की दुकानदार नाक मुरडतो." कामगारांचा पुढारी म्हणून लोक आपल्याला सर्व विषयांत विचारतात, आणि हळूहळू आपल्यालाही सर्व विषय कळतात असे वाटू लागते. हा आमच्या धंद्यातला रोग आहे.

बाईने चिंच आणि राख घेऊन रात्रभर ते रुपये घासले. पुढल्या आठवड्यात मी स्वतः तिच्याबरोबर नागपूरला जुन्या नाण्यांच्या एका व्यापाऱ्याकडे गेलो. रुपये आरशासारखे चमकत होते. व्यापाऱ्याने त्यातला एक उचलला, दिव्याखाली तिरका केला, आणि काही न बोलता सगळे वीस तराजूत टाकले. चांदीचा भाव सांगितला आणि त्यातून गाळणीची घट वजा केली.

बाईने बटवा पुन्हा बांधण्यासाठी झटकला, तेव्हा अस्तराच्या शिवणीत अडकलेला एकविसावा रुपया टेबलावर पडला. तो घासला गेला नव्हता. काळसर होता आणि कडेला निळीजांभळी छटा होती. व्यापाऱ्याने भिंग लावले, रुपया कडेने धरून फिरवून पाहिला, आणि त्या एकट्याचे चांदीच्या चौपट पैसे दिले. मी चमकून विचारले, "मग हे वीस?" तो म्हणाला, "हेही तसेच होते असे मी म्हणत नाही. काही झिजलेले असतील, काही चांगले असतील. पण कोणता कसा होता हे आता मलाही सांगता येणार नाही आणि तुम्हालाही नाही."

परतीच्या एस.टी.त बाई एवढेच म्हणाली, "तुम्ही म्हटलं म्हणून घासले ना जी भाऊ." तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरे झाले असते. फीची तूट आम्ही वर्गणी करून भरून काढली. पण माझ्या अज्ञानाची भरपाई वर्गणीने होण्याजोगी नव्हती. म्हणून मी वाचू लागलो, विचारू लागलो, आणि जे कळले ते आपणांपुढे ठेवीत आहे.

त्या व्यापाऱ्याचे शेवटचे वाक्य हाच या विषयाचा गाभा आहे. घासल्याने नाण्याची किंमत उतरते, हे अर्धेच सत्य झाले. पुरते सत्य असे की, घासल्याने किंमत ठरविण्याचे साधनच नाहीसे होते. आणि जेथे साधन नाही तेथे घेणारा सर्वांत कमी किंमत धरतो. वस्तुतः मला हे आधीच उमजायला हवे होते. ग्रॅच्युइटीच्या दाव्यात कामगाराचे तेलाने माखलेले, कोपरे दुमडलेले हजेरीचे कार्ड न्यायालयात उभे राहते. तेच कार्ड कोणी सुवाच्य अक्षरात नव्या कागदावर उतरवून आणले, तर समोरचा वकील पहिला प्रश्न विचारतो, "मूळ कुठे आहे?" तेलाचा डाग हीच त्या कार्डाची साक्ष असते. रुपयाचा काळेपणा हीही तशीच साक्ष असते, हे मात्र मला कोणी शिकविले नव्हते.

बट्टा म्हणजे काय

आपल्या भाषेत हे ज्ञान जुने आहे. "घराण्याच्या नावाला बट्टा लागला," असे आपण सहज म्हणतो. हा बट्टा सराफाच्या पेढीवरचा आहे. मराठेशाहीत एकच एक रुपया नव्हता. अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही असे निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये बाजारात चालत. त्यांचे वजन आणि कस सारखे नसत. परमुलखातला किंवा झिजलेला रुपया आला की सराफ त्यातून काही रक्कम कापून घेई. ती कापलेली रक्कम म्हणजे बट्टा. चांगले नाणे दगडावर टाकले की खणखणत असे. चीर गेलेले किंवा ओतीव खोटे नाणे बद्द वाजे. "खणखणीत" माणूस आणि "वाजवून घेणे" हे शब्दप्रयोगही त्याच पेढीवरचे आहेत.

पुढे १८३५ सालच्या कायद्याने कंपनी सरकारने १८० ग्रेन वजनाचा एकसारखा रुपया पाडला, आणि तोच तोळ्याचे माप होऊन बसला. १९०६ सालच्या नाणेविषयक कायद्याने एक महत्त्वाचा भेद केला होता. व्यवहारात हाताळून होणारी वाजवी झीज एक, आणि कातरणे, कानस लावणे, ठसा मारणे अशा कृतींनी केलेली विद्रूपता वेगळी. तो कायदा आता राहिलेला नाही. त्याच्या जागी २०११ चा कायदा आला आहे. परंतु झीज वेगळी आणि इजा वेगळी, हा भेद नाणी जमविणाऱ्यांच्या बाजारात आजही पाया म्हणून चालतो.

किंमत कशी काढतात

पहिली पायरी म्हणजे तळभाव, अर्थात धातूची किंमत. एकोणिसाव्या शतकातील व १९३९ पर्यंतचा इंग्रजी अमलाचा रुपया ११.६६ ग्रॅम वजनाचा असून त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी आहे. म्हणजे शुद्ध चांदी सुमारे १०.७ ग्रॅम. १९४० पासून सरकारने चांदी निम्म्यावर आणली. त्या रुपयात शुद्ध चांदी ५.८३ ग्रॅम भरते. १९४७ चा रुपया निकेलचा, त्यात चांदी नाहीच. तेव्हा नाणे हाती आले की प्रथम साल वाचावे. कित्येक घरांत हे तिन्ही प्रकार एकाच डब्यात असतात आणि तिन्हींना "चांदीचे कलदार" म्हणतात. चांदीचे नाणे कितीही बिघडले तरी तळभावाखाली जात नाही, हाच गरिबाला त्याचा आधार.

दुसरी पायरी म्हणजे नाण्याची प्रत. बाजारात इंग्रजी शब्दच रूढ आहेत : गुड, फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रिमली फाइन, आणि शेवटी अनसर्क्युलेटेड, म्हणजे चलनात न फिरलेले. यात एक गंमत आहे. "गुड" म्हणजे चांगले असे समजू नका. तपशील बहुतेक पुसला गेलेल्या, केवळ बाह्याकार उरलेल्या नाण्याला गुड म्हणतात. विल्यम शेल्डन या अमेरिकन संग्राहकाने १९४९ साली तांब्याच्या जुन्या सेंटांसाठी १ ते ७० अशी श्रेणी बसविली. १ श्रेणीच्या नाण्याची जी किंमत, तिच्या सत्तरपट ७० श्रेणीच्या नाण्याची, अशी त्याची मूळ कल्पना होती. किमतीचा तो हिशेब टिकला नाही. आकडे मात्र जगभर टिकले.

तिसरी पायरी म्हणजे दुर्मिळता आणि मागणी. १९११ सालच्या पंचम जॉर्जच्या रुपयाची कथा प्रसिद्ध आहे. राजाच्या झग्यावर एक बारीक हत्ती कोरला होता. त्याची सोंड इतकी आखूड निघाली की लोकांना तो डुक्कर वाटला. गवगवा झाला, पाडलेल्यांपैकी बहुतेक रुपये बाहेर न सोडता वितळविले गेले, आणि १९१२ च्या रुपयावर हत्ती सुधारून आला. असा रुपया झिजका असला तरी गिऱ्हाईक त्याला विचारतो.

चौथी पायरी म्हणजे इजेचा बट्टा. तो सर्व नाण्यांना सारखा लागत नाही, आणि येथेच सामान्य माणूस फसतो. हिशेबापुरते आकडे धरू. समजा, रुपयातील चांदीची किंमत १०० आहे. नेहमीच्या सालाचा झिजका रुपया १२० ला जातो. तो घासला तर १०० येतील, तोटा २० चा. त्याच सालाचा, पण टांकसाळीची झळाळी अंगावर असलेला रुपया ४०० ला जातो. तो घासला तर ११० येतील, तोटा २९० चा. आणि समजा, एखाद्या दुर्मिळ सालाचा रुपया ५,००० चा आहे. तो घासलेला असला तरी २,००० देणारा भेटेल. कारण दुसरा सहज मिळत नाही. म्हणजे ज्याच्याजवळ सर्वांत चांगले नाणे असते, त्याचेच घासण्याने सर्वांत अधिक नुकसान होते. त्याला मात्र वाटत असते की, आपण चांगल्याचे अधिक चांगले करीत आहोत.

झीज आणि इजा

इजेचेही प्रकार आहेत. आपल्याकडे सर्वांत जास्त आढळतो तो दागिन्याचा. रुपयाला भोक पाडून किंवा कडी झाळून बायकांनी हमेल केली. बंजारा भगिनींच्या अंगावर अशी नाणी आजही दिसतात. असा रुपया नाणे म्हणून बहुधा तळभावाला येतो. कडी काढून झाळ घासली तर जखम अधिक मोठी होते. भोक बुजविले तर त्याहून वाईट. कारण उघडे भोक प्रामाणिक असते, बुजविलेले भोक लबाडी असते. कडेचे ठोके, खोल ओरखडे, सोन्याचा मुलामा हे सारे याच वर्गात येतात.

सराफी ठशांची गोष्ट थोडी वेगळी आहे. नाणे खरे की खोटे हे तपासून जुने सराफ त्यावर बारीक खूण उमटवीत. कायद्याच्या दृष्टीने ही विद्रूपता झाली; परंतु जुन्या नाण्यावरची ती खूण हा एका व्यवहाराचा दाखला आहे, आणि कित्येक संग्राहक तिला फारसा बट्टा लावीत नाहीत.

इजा आणि इतिहास यांतील भेद समजण्यास सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातले आहे. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. नाणी तेरा हजारांहून अधिक होती आणि ती क्षहरात राजा नहपानाची होती. त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाच्या मुखवट्यावरच सातवाहनांची चिन्हे उमटलेली होती. नव्या नाण्याची हौस असलेला माणूस म्हणेल, नाणी बिघडली. इतिहासकार म्हणतो, एका राजाने दुसऱ्याचा पराभव करून त्याचे चलन आपले केले, त्याचा हा नऊ हजार प्रतींचा पुरावा. तो घाव स्वतःच एक वाक्य बोलतो. घासणे काहीच बोलत नाही. ते आधीचे वाक्य पुसते. एवढाच या दोहोंतला फरक, पण तो सगळा फरक आहे.

दुसरे उदाहरण आपल्या विदर्भातले. १९३९ साली तऱ्हाळा येथे, आजच्या वाशिम जिल्ह्यात, सातवाहनांच्या नाण्यांचा साठा मिळाला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही नाणी पोटीन या हलक्या मिश्रधातूची होती. चांदीसोन्याच्या हिशेबाने कवडीमोल. पण त्यांवरून कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी अशी राजांची नावे उजेडात आली. अशा नाण्यावर पूर्ण नाव सहसा येत नाही. ठसा सरकलेला असतो. एका नाण्यावर दोन अक्षरे, दुसऱ्यावर पुढची तीन, असे जुळवून नाव वाचावे लागते. सापडणाऱ्याने ती नाणी चिंचेच्या पाण्यात उकळली असती आणि त्यात चार अक्षरे गेली असती, तर आपण एखाद्या राजाला मुकलो असतो, आणि मुकलो हेही आपणांस कळले नसते.

घासताना काय घडते

आता यामागचे साधे शास्त्र. टांकसाळीत दोन ठशांमध्ये धातू दाबला जातो, तेव्हा तो ठशाच्या खाचांत वाहत जातो. त्या वाहण्याच्या अतिसूक्ष्म रेषा नाण्याच्या अंगावर राहतात. नवे नाणे दिव्याखाली फिरविले की प्रकाशाचा पट्टा चाकाच्या आरीसारखा गोल फिरतो, तो या रेषांमुळे. हीच टांकसाळीची झळाळी. राख, विटकर, रांगोळी किंवा नुसते खरखरीत फडके लागले की या रेषा कापल्या जातात. त्यांच्या जागी आपण मारलेले चरे येतात. नाणे चमकते खरे, पण ती चमक भांड्याची असते.

चांदी काळी पडते ती हवेतील गंधकाच्या संयोगाने. तो काळा थर म्हणजे चांदीचाच सल्फाइड. वरून बसलेला मळ नव्हे. बाजारात मिळणाऱ्या द्रवात नाणे बुडविले की थर विरघळतो, आणि त्यात गेलेली चांदीही त्याबरोबर जाते. पुन्हा पुन्हा बुडविलेले नाणे म्हणूनच पांढरेफटक आणि निर्जीव दिसते. तांब्याचे तसेच. शिवराई घरोघर सापडते. एका बाजूस "श्री राजा शिव" आणि दुसऱ्या बाजूस "छत्रपति" ही अक्षरे असलेले हे नाणे शिवाजी महाराजांच्या नंतरही पिढ्यान्‌पिढ्या चालले. "छत्रपति" हा शब्द त्यावर किती तऱ्हांनी कोरला आहे, याचा अभ्यासक बारकाईने शोध घेतात. लिंबू लावून ती लालभडक केली की तपकिरी संरक्षक थर जातो, अक्षरांच्या कडा बोथट होतात, आणि थोड्याच दिवसांत त्यावर नवा, डागाळ गंज चढतो.

बारीक खुणा आधी जातात, हेही ध्यानात ठेवावे. पंचम जॉर्जच्या रुपयावर मुंबईच्या टांकसाळीची ओळख म्हणजे तळाशी असलेला एक बारीक उठावाचा ठिपका. कलकत्त्याच्या रुपयावर तो नाही. काही सालांत एका टांकसाळीचा रुपया साधा आणि दुसरीचा विरळा असतो. राखेचा अंगठा त्या ठिपक्यावरून फिरला की नाण्याचे गावच बदलते.

घासलेले कसे ओळखावे

विकत घेणाऱ्यानेही सावध असावे. एकाच दिव्याखाली नाणे हळूहळू तिरके करावे. एका दिशेने गेलेले बारीक समांतर चरे दिसले तर फडके फिरले आहे असे समजावे. सपाट भाग लख्ख आणि अक्षरांच्या कोपऱ्यांत काळे उरलेले असेल, तर तेथे बोट पोचले नाही एवढाच त्याचा अर्थ. सर्वांत सोपी खूण विसंगतीची : राजाचे केस आणि कान झिजून सपाट झाले आहेत, आणि नाणे मात्र कालच पाडल्यासारखे चमकते आहे. म्हाताऱ्याच्या अंगावर नवरदेवाचा शेला दिसला की आपण क्षणभर थांबतोच, तसे थांबावे. काही लोक घासलेले नाणे औषधाने पुन्हा काळे करतात. तो रंग सपाट आणि एकसारखा दिसतो. अमेरिकेत १९८६ व १९८७ साली निघालेल्या श्रेणी ठरविणाऱ्या दोन मोठ्या संस्था अशा नाण्याला अंक देत नाहीत. खरे आहे एवढे सांगून "डिटेल्स" हा शब्द आणि इजेचे कारण लिहितात. विकणाऱ्याने तोंडाने तेवढे सांगितले, तरी निम्मे तंटे मिटतील. घासलेले नाणे विकणे हा गुन्हा नाही; ते न सांगता विकणे ही फसवणूक आहे.

मग करावे काय

मला विचाराल तर बहुतेक वेळा काहीच करू नये. माती सैल असेल तर स्वच्छ, शक्यतो ऊर्ध्वपातित पाण्यात नाणे भिजत ठेवावे, चोळू नये, आणि टिपून वाळवावे. तांब्यावर हिरवी भुकटी धरून ती वाढत असेल, तर तो क्षाराचा रोग होय. तो शेजारच्या नाण्याला लागण्याआधी ते नाणे वेगळे ठेवावे आणि जाणकाराला दाखवावे. सातवाहनांची शिशाची नाणी लाकडी खणात ठेवू नयेत. लाकडातून येणाऱ्या आम्ल वाफेने शिशाची पांढरी भुकटी होते. पी.व्ही.सी.च्या मऊ पिशव्या दिसायला सोयीच्या, पण काही वर्षांनी त्या हिरवट चिकटा सोडतात. साधे कोरडे कागदी पाकीट बरे. नाणे कडेने धरावे.

विकण्याचा प्रसंग आलाच, तर आधी प्रत्येक नाण्याचे साल लिहावे, वजन करावे, दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे. निदान दोन-तीन ठिकाणी विचारावे. सगळ्यांचा मिळून एक भाव घेऊ नये. नाणेगणिक भाव मागावा. छापील यादीतील किंवा कोणी तोंडाने सांगितलेली किंमत ही मागणीची किंमत असते. लिलावात प्रत्यक्ष किती आले ते विचारावे. आणि पावती घ्यावी. मजुरी असो की नाणे, लेखी नसलेला भाव हा भाव नव्हे.

शेतात नांगरताना मडके लागले, तर कायदा वेगळा आहे. १८७८ च्या भूमिगत धनाच्या कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन जिल्हाधिकाऱ्यास कळवावे लागते. सरकारने ते घ्यावयाचे ठरविल्यास धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश एवढी रक्कम देण्याची त्यात तरतूद आहे. काहीजणांना हा मोबदला तुटपुंजा वाटतो, आणि तऱ्हाळ्यासारख्या साठ्याच्या बाबतीत तो तसा आहेही. पण गुपचूप वाटून घेऊन, घासून, सोनाराच्या मुशीत टाकलेल्या साठ्याचे याहून अधिक येत नाही, आणि गावाच्या इतिहासाचे पान कायमचे जाते.

एक शंका कोणीतरी घेईल, म्हणून आधीच सांगतो. देव्हाऱ्यातला रुपया आपण लक्ष्मीपूजनाला धुतो, पुसतो, कुंकू लावतो. तेही चुकीचे काय? मुळीच नाही. तो रुपया विकावयाचा नाही. आजीच्या गळ्यातली हमेलही विकावयाची नसेल, तर तिच्या भोकांचा हिशेब करण्याचे कारण नाही. ती भोके हीच त्या घराची कथा आहे. किंमत आणि मोल हे शब्द आपल्या भाषेत दोन आहेत, ते उगाच नव्हेत. फक्त ज्या दिवशी गरज दाराशी येते आणि मोलाची किंमत करावी लागते, त्या दिवशी गरिबाच्या हातून ती अजाणता कमी होऊ नये, एवढेच माझे म्हणणे.

त्या वीस रुपयांतला एक मी नंतर त्याच व्यापाऱ्याकडून चांदीच्या भावाने परत घेतला. तो आजही कचेरीच्या खणात कागदी पाकिटात आहे. कोणी बटवा घेऊन आला, तर सल्ला देण्याआधी मी तो काढून दाखवितो. इतक्या वर्षांत तो पुन्हा काळा पडू लागला आहे. परंतु भिंगाखाली धरला की त्या काळेपणाखाली राखेचे चरे तसेच दिसतात.